मेट्रनबाईंचा परिच्छेद

मेट्रनबाई हात मिळवत नसत, हात तपासत. रविवारी उपासनेच्या आधी त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हॉलच्या दाराशी उभ्या असत. येणारा माणूस हात पुढे करी. तो हात त्या आपल्या कोरड्या, थंड बोटांत घेत, उलटा करत आणि नखं बघत. मग तळवा, मग तोंडाकडे. "रक्त कमी आहे, पालेभाजी खा," असं एखादीला, "दोन दिवस झोपला नाहीस," असं दुसऱ्याला, आणि पहिल्यांदाच आलेल्या, अजून नावही न सांगितलेल्या माणसाला, "घरी साबण नाही का?" आमच्या मंडळीत स्वागत म्हणून जे काही होतं ते एवढंच. कितीतरी माणसं एकदा येऊन परत फिरकली नाहीत, त्याचं कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

माझा हात त्यांनी पहिल्यांदा धरला तेव्हा माझ्या लग्नाला तीन आठवडे झाले होते. नखांना लाल रंग होता.

"कुठली?"

"गिरीजची."

"म्हणजे रोमन."

"कॅथलिक," मी म्हणाले.

"तेच ते." त्यांनी हात सोडला आणि माझ्या मागच्या माणसाकडे वळल्या. त्या दिवसापासून मी 'गिरीजवाली' झाले. माझं नाव ग्लोरिया आहे हे त्यांना माहीत होतं. अकरा वर्षांत ते त्यांनी एकदाही घेतलं नाही.

वसईत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आठवतात ती आमच्याकडची मोठी पांढरी चर्चं, सणाचा बँड, वाडीवाडीच्या नाक्यावरचे क्रूस. मी त्यातच वाढले. बोळिंजला हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये अँग्लिकन वळणाची एक छोटी मंडळी भरते, हे मला विनय भेटेपर्यंत ठाऊकही नव्हतं. विनयचे आईवडील नगरकडचे. नोकरी मुंबईत, फ्लॅट विरारला. मंडळीतली बहुतेक घरं अशीच, नगर-नाशिककडून मुंबईत आणि मुंबईतून विरारला सरकलेली. मेट्रनबाई त्यातल्या सगळ्यात जुन्या. एका मिशनच्या दवाखान्यात उभी हयात नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. निर्मळची केळीवाली त्यांना 'सिस्टर' म्हणायची, आणि वसईत सिस्टर म्हणजे मठातली. "मी नन नाही, नर्स आहे," असं त्या तिला दर आठवड्याला सुनवायच्या. ती दर आठवड्याला "बरं सिस्टर" म्हणायची.

मला त्या आवडत नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याला सवय असते. त्यांना खोटं गोड खपत नसे. आई गिरीजहून सुकेळी, म्हणजे सोलून वाळवलेली केळी, पाठवायची, त्यातली मी त्यांना नेऊन द्यायचे. "साखर फार. पोट बिघडतं," असं म्हणून त्या पुडा माझ्यासमोर उघडायच्या आणि मी बसल्या जागेवरून उठेपर्यंत तो संपलेला असायचा. आभार कधी मानले नाहीत.

मंडळीची सभासद व्हायचं तर मला शिकावं लागेल, असं त्यांनी पाळकसाहेबांना परस्पर सांगून टाकलं. पाळकसाहेब तेव्हा नवे होते. त्यांनी मान हलवली. त्यामुळे वर्षभर दर शनिवारी दुपारी मी मेट्रनबाईंच्या खोलीत, लोखंडी कॉटसमोरच्या स्टुलावर. कॉटवरची चादर इतकी ताणून खोचलेली असायची की तिच्यावर बसायची कुणाची हिंमत झाली नसती.

"तुमच्याकडे फादर, आमच्याकडे पाळक. तुमच्याकडे मिस्सा, आमच्याकडे उपासना. तुमच्याकडे पोप, आमच्याकडे..." त्या थांबल्या. "आमच्याकडे कमिटी. त्याबद्दल बाहेर बोलू नकोस."

एकदा मी धीर करून म्हणाले, "आमच्या शाळेत सांगायचे, इंग्लंडच्या राजाला दुसरं लग्न करायचं होतं, म्हणून तुमचं चर्च निघालं."

मला वाटलं, आता घराबाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "राजा नालायकच होता. पण लोकांच्या भाषेत प्रार्थना आली ती त्याच धामधुमीत. देवानं फक्त चांगल्याच माणसांकडून कामं करून घ्यायची म्हटलं असतं, तर आजवर एकही झालं नसतं. पुढे चल."

विश्वासाचं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं होतं. शास्त्र वाचायचं. आपल्या आधीच्यांनी ते कसं पाळलं ते बघायचं. आणि देवानं दिलेलं डोकं वापरायचं. "तिसरं बरेच जण घरी ठेवून येतात," असं त्या वर म्हणत. आम्ही अँग्लिकन म्हणजे मधले, हे त्यांना फार प्रिय होतं. "रोमन आम्हाला प्रोटेस्टंट म्हणतात, प्रोटेस्टंट आम्हाला रोमन म्हणतात. दोन्हीकडून शिव्या खातो, म्हणजे रस्त्याच्या मधोमध चाललोय."

मी विचारलं होतं, "मग तुमच्याकडे पापाची कबुली कुणासमोर द्यायची? आमच्याकडे फादरसमोर एकट्यानं असते."

"आमच्याकडे सगळ्यांनी मिळून, एका आवाजात, देवासमोर."

"मग कुणाचं पाप कोणतं ते कसं कळणार?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तीच तर सोय आहे," त्या म्हणाल्या. ते त्यांनी कसल्या स्वरात म्हटलं, हे मला तेव्हा समजलं नाही.

माझ्या पर्समध्ये आजीची रोजारी, म्हणजे जपमाळ, असायची. एकदा पेन काढताना ती स्टुलाखाली पडली. मेट्रनबाईंनी वाकून उचलली, मणी नीट गोळा केले, माझ्या हातात दिली आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पर्सची चेन लावत जा. मी काही पाहिलं नाही." मी विरघळले असते, पण पुढच्याच वाक्यात त्यांनी मला दहा आज्ञांचा क्रम विचारला, आणि सातवी चुकली म्हणून चहा दिला नाही.

लेकीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मात्र त्यांनी मर्यादा ओलांडली. माझे आईबाबा गिरीजहून आले होते, बाबा नवा शर्ट घालून पुढच्या खुर्चीवर अवघडून बसले होते. पाळकसाहेब मुलीला हातात घेणार, तेवढ्यात मेट्रनबाईंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "हिला पुढे कुठे नेणार? इथे, का आजोबांच्या मिस्सेला?" बाबा उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. बाप्तिस्मा त्यांच्याशिवाय झाला. घरी आल्यावर मी विनयला सांगितलं, पुन्हा त्या बाईचं तोंड बघणार नाही.

दोन महिन्यांनी मुलगी तापानं फणफणली. कुणी बोलावलं नसताना मेट्रनबाई दारात. लिफ्ट बंद होती, आम्ही चौथ्या मजल्यावर. सासूबाई पाळण्याशी रडत प्रार्थना करत होत्या. "प्रार्थना करा, पण बाजूला उभ्या राहून करा," असं म्हणून त्यांनी त्यांना हातानं सरकवलं. मला म्हणाल्या, "आधी ताप मोज, मग रड." तीन दिवस त्या चार जिने चढून येत होत्या. अंग पुसत होत्या, कागदावर वेळ आणि ताप लिहीत होत्या, मला डोळ्यांदेखत जेवायला लावत होत्या. तिसऱ्या दुपारी ताप उतरला. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्या बापासमोर बोलायला नको होतं."

मी वाट बघत राहिले.

"पण प्रश्न बरोबर होता," त्या म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

मी मंडळीत आल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हा कमिटीनं वेबसाइट काढायचं ठरवलं. कमिटीचे उपाध्यक्ष गायकवाडसाहेब एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून मला सेक्रेटरी केलं होतं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. तीन मथळे द्यायचे होते: आमचा इतिहास, आमची दृष्टी, आमचा विश्वास.

"आजकाल लोक चर्चमध्ये यायच्या आधी मोबाइलवर बघतात," गायकवाडसाहेब बैठकीत सांगत होते. "आपण कोण, कुठून आलो, कुठे चाललोय."

"कुठे चाललोय?" मेट्रनबाईंनी विचारलं. त्या कमिटीवर नव्हत्या. पण कमिटीच्या प्रत्येक बैठकीला येऊन बसत, आणि त्यांना जा म्हणायचं धाडस कुणात नव्हतं.

"म्हणजे आपलं व्हिजन. दहा वर्षांत स्वतःची इमारत, पाचशे सभासद, तरुणांसाठी..."

"आज मंडळीत आजारी किती आहेत?"

गायकवाडसाहेबांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"तीन. एकाचं नाव सांगा."

त्यांना सांगता आलं नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर आधी डोळ्यासमोरची बोटं मोजायला लावतात. लांबचं मागाहून." त्या दिवसापासून गायकवाडसाहेब त्यांचे उघड वैरी झाले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. चारचौघांत माणसाला असं सोलून काढायचं काही कारण नव्हतं.

विश्वासाचं मी पाळकसाहेबांकडून तपासून घेतलं. दृष्टी गायकवाडसाहेबांनीच लिहून दिली. इतिहासासाठी मेट्रनबाईंकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. शनिवारी पुन्हा त्याच स्टुलावर बसले.

"पहिली उपासना कुठे झाली?" मी विचारलं.

"साळव्यांच्या घरी."

नऊ वर्षांत हे आडनाव मी मंडळीत एकदाही ऐकलं नव्हतं.

बोळिंजमधल्याच एका जुन्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर, साळवे नावाचे फिटर राहायचे. सात कुटुंबं त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमायची. वरच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार करायचे, म्हणून मे महिन्यातही खिडक्या लावून गाणी म्हणायची. मेट्रनबाई नुकत्याच निवृत्त होऊन विरारला आल्या होत्या, इथे कुणाला ओळखत नव्हत्या. "माझी ट्रंक साळव्यांनी खांद्यावरून वर आणली," त्या म्हणाल्या. "पहिले आठ दिवस जेवले ते त्यांच्याकडेच."

मग साळव्यांच्या मुलीनं, मार्थानं, निर्मळच्या एका कॅथलिक मुलाशी लग्न केलं. त्यांच्या चर्चमध्ये, त्यांच्या पद्धतीनं.

"तुझ्या उलट," मेट्रनबाई म्हणाल्या. "पाळक तेव्हा महिन्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस मंडळी म्हणजे मी. कमिटी होती, पण ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हणाले, आईबाप लग्नात पुढच्या बाकावर बसले, म्हणजे त्यांची संमती. माफी मागेपर्यंत दोघांनी प्रभुभोजनाला, तुमच्या कम्युनियनला, उठायचं नाही; भाकर नाही, द्राक्षरस नाही. साळवे म्हणाले, पोरीचं लग्न झालं त्याची माफी मागू? मी सभासदांची यादी काढली आणि दोघांच्या नावांवर लाल रेघ मारली. पट्टी लावून मारली."

मी लिहायची थांबले होते.

"लिही. उपासना त्यांच्या घरातून उठवून एका क्लासच्या खोलीत नेली. दोन वर्षांनी साळवे वारले. रविवारी सकाळी निरोप आला. पाळकांच्या हातात चिठ्ठी होती, वाचून दाखवायची म्हणून. मी ती काढून घेतली. म्हटलं, यादीत नाव नाही." त्यांचा आवाज रुग्णाचा तक्ता वाचावा तसा सपाट होता. "दफन मुंबईला झालं. ज्याच्या घरात मंडळी जन्मली, त्याला माती द्यायला मंडळीतलं एक माणूस नव्हतं. मीही नव्हते."

मला काय वाटलं ते लपवत नाही. आनंद झाला. नऊ वर्षं माझी नखं बघणाऱ्या बाईचे हात मला सापडले होते. माझे बाबा जिन्यात उभे होते ते आठवलं आणि वाटलं, बरं झालं.

"हे वेबसाइटवर घालायचं?" मी विचारलं.

"इतिहास लिहितेस ना? हे गाळलंस तर त्याला इतिहास म्हणू नकोस. जाहिरात म्हण." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण आधी साळवेबाईला विचार. निर्मळला असते, पोरीकडे. मी गेले तर दार लावेल. तुझ्यासाठी उघडेल, तू त्यांच्या बाजूची आहेस."

दोन दिवसांनी मी स्कूटरनं निर्मळला गेले. मार्थाचं घर केळीच्या बागेमागे होतं. साळवेकाकू ओटीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, हात भराभर चालणारे. मी कोण, कुठून आले, ते ऐकून घेतलं. मेट्रनबाईंनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं. कळ्या निवडणं थांबलं नाही.

"म्हणजे आता लिहून टाकायचं म्हणते ती," त्या म्हणाल्या.

"हो काकू. तुमची हरकत नसेल तर."

"मी दर रविवारी मार्थाबरोबर इथल्या चर्चमध्ये जाते. मागे बसते. सगळे कम्युनियन घ्यायला उठतात तेव्हा मी बसून राहते. इथल्या यादीत मी नाही, तिथल्या यादीत माझ्यावर रेघ. वीस वर्षं मी अशी बसलेय. तिला सांग, माझं नाव तिच्या कागदात नको. यांचंही नको. तिला झोप लागत नसेल तर तिनं गोळी घ्यावी. नर्सच ना ती?"

"त्यांना पश्चात्ताप झालाय असं वाटतं," मी म्हणाले.

"झाला असेल. तो तिचा. मी काय करू त्याला?" त्यांनी कळ्यांची टोपली माझ्यापासून दूर ओढली. "त्या दिवशी मी दारात उभी होते, अंत्ययात्रेची गाडी सुटेपर्यंत. वाटत होतं, आता येईल, शेवटच्या क्षणाला तरी येईल. माझ्या ताटात जेवलेली बाई. जा तू आता. ऊन वाढेल."

बोळिंजला परतल्यावर मेट्रनबाईंनी मला सगळं शब्दाशब्दानं सांगायला लावलं. मी गोळीचं वाक्य सोडून दिलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"काहीतरी गाळलंस."

मी ते सांगितलं. दारात उभं राहिल्याचंही सांगितलं. त्यांनी कॉटवरची चादर पुन्हा खोचली. खालच्या डेअरीत दुधाचे क्रेट आपटल्याचा आवाज येत होता.

"बरोबर आहे तिचं," शेवटी म्हणाल्या. "नाव नको म्हणते ना, मग त्यांचं घालू नकोस. माझं घाल."

आणि त्यांनी मला परिच्छेद सांगितला. मी उतरवून घेतला. या मंडळीची पहिली उपासना ज्या घरी झाली, त्या घरच्या पतिपत्नींना मी, रूथ भास्कर शिंदे, प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. त्यांनी कोणतीही चूक केली नव्हती. घरधनी वारल्याची बातमी मी मंडळीला कळू दिली नाही. त्यांची नावं त्यांच्या इच्छेवरून इथे दिलेली नाहीत. बस, एवढंच. 'दुर्दैवानं' नाही, 'त्या काळच्या परिस्थितीत' नाही. मी एका ठिकाणी 'नकळत' घालू का विचारलं. "नकळत काय? पट्टी लावली होती," त्या म्हणाल्या. त्यांचं नाव रूथ आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गायकवाडसाहेबांनी परिच्छेद वाचला आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "मॅडम, हे सगळं जग बघणार आहे. नवीन माणूस हे वाचून येईल का आपल्याकडे?" पाळकसाहेबांचंही मत पडलं की जुनी जखम उकरू नये. परिच्छेद गेला. त्या जागी 'अनेक अडचणींवर मात करत, एका विश्वासू कुटुंबाच्या घरी सुरू झालेली ही मंडळी' असं वाक्य आलं. मी विरोध केला नाही. बाईंसाठी भांडायची मला गरज वाटली नाही. त्या कुणासाठी भांडल्या होत्या?

मोबाइलवर ते पान मीच त्यांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून दोनदा वाचलं. "विश्वासू कुटुंब," एवढंच म्हणाल्या, आणि मोबाइल परत दिला.

त्यानंतर महिन्याभरानं मंडळीची वार्षिक सभा होती. अहवाल झाले, निवडणूक झाली, बटाटेवड्यांचा वास जिन्यातून येऊ लागला. पाळकसाहेबांनी ऐनवेळचे विषय विचारले, केवळ रीत म्हणून. मेट्रनबाई उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि पदराखालून कागद काढून वाचू लागल्या. तोच परिच्छेद.

पहिल्या दोन वाक्यांना कुणाला उमगलंच नाही. मग जुन्या माणसांत हालचाल सुरू झाली. "बाई, बसा आता," कुणीतरी म्हणालं. त्या वाचत राहिल्या. त्या वेळच्या कमिटीतले एक गृहस्थ, आता सत्तरीचे, ताडकन उठले. "वीस वर्षांनी हे कशाला? आम्हीही होतो त्या कमिटीत. आमची अब्रू काढताय तुम्ही!"

"मी तुमचं नाव घेतलं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्हाला घ्यायचं असेल तर उभेच आहात, घ्या."

ते खाली बसले. मागून एक बाई रागानं म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना शिस्त शिकवायची, आणि स्वतः हे?" कुणी हसलं. मेट्रनबाईंनी शेवटचा शब्द वाचल्याशिवाय कागद खाली केला नाही. मग बसल्या. एकही माणूस त्यांच्या जवळ गेला नाही.

"हा विषय नोंदवण्याची आवश्यकता नाही," गायकवाडसाहेब माझ्याकडे बघत म्हणाले.

वही माझ्यासमोर होती. मी मान वर न करता म्हणाले, "नोंदवून झाला."

"मग खोडा."

"सभेत बोललेलं खोडता येत नाही, साहेब. पुढच्या सभेत हरकत घ्या."

हे मी का केलं, ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. बाईंवरच्या मायेनं केलं म्हणावं, तर त्या क्षणी मला त्यांची कीव आली होती, आणि कीव केलेली त्यांना चालली नसती. मला इतकंच दिसत होतं की सगळी खोली एका बाजूला आहे आणि सगळ्यात म्हातारं माणूस दुसऱ्या बाजूला एकटं बसलंय.

त्यानंतर दाराशी उभं राहायचं काम कमिटीनं दुसऱ्या एका हसतमुख जोडप्याला दिलं. मेट्रनबाई शेवटच्या रांगेत बसू लागल्या. जुनी माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. काही जण त्यांच्यावरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघत. त्या एकाही रविवारी चुकल्या नाहीत. मात्र प्रभुभोजनाच्या वेळी त्या उठत नाहीत, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. पाळकसाहेबांनी एकदा समजावलं, तर म्हणाल्या, "तिला उठू दिलं नाही तितकी वर्षं काही मला मिळायची नाहीत. मिळतील तेवढी बसते." मी एकदा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "पुढे जा. इथे पंख्याचा वारा येत नाही," असं म्हणून त्यांनी मला उठवलं.

इतिवृत्ताच्या त्या पानाची प्रत काढून मी निर्मळला नेऊन दिली होती. साळवेकाकूंनी ती घडी न उघडता कळ्यांच्या टोपलीखाली सरकवली. नंतर वाचली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

यंदा गुड फ्रायडेच्या आठ दिवस आधी मेट्रनबाई सकाळी कॉटवरून उठल्याच नाहीत. नाशिकहून त्यांचा भाचा आला. चादर तशीच ताणलेली होती, असं तो मला सांगत होता. झोपेतही त्यांनी सुरकुती पडू दिली नव्हती. मी मार्थाला फोन केला. तिनं "आईला सांगते," म्हटलं आणि ठेवला.

दुपारी हॉलमध्ये अंत्यविधीची उपासना होती. चाळीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी रीत म्हणून आलेली. शवपेटीशी भाचा एकटा उभा होता. पाळकसाहेब झगा घालत असताना दारात गलबला झाला, आणि जुन्या माणसांनी माना वळवल्या. साळवेकाकू मार्थाचा हात धरून जिना चढून आल्या होत्या. धाप लागली होती. कुणी पुढे झालं नाही. मी खुर्ची नेली; त्या बसल्या नाहीत.

"काकू, तुम्ही आलात," मी म्हणाले.

"खरंच गेली का ते बघायला आले."

त्या शवपेटीपर्यंत गेल्या. आत पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. कुणीतरी हुंदका दिला, तिकडे त्यांनी वैतागून पाहिलं. मग परत माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गीत कोणतं म्हणणार आहात?"

मी सांगितलं.

"बाजाच्या पेटीवर कोण आहे?"

"गायकवाडसाहेबांच्या मिसेस."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "तिला सांग, खालच्या पट्टीत धर," त्या शवपेटीकडे बघत म्हणाल्या. "वरचं हिला कधी लागलं नाही."

मी जाऊन सांगितलं. गीत खालून सुरू झालं. साळवेकाकूंनी ओठ उघडले नाहीत. पण सगळी कडवी संपेपर्यंत त्या उभ्या होत्या, आणि मग कुणी गाठायच्या आत मार्थाचा हात धरून जिना उतरून गेल्या.